मडक्यातल्या पिल्लाचा रंग: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पिंजऱ्यात जन्मलेल्या बजरीच्या किंवा कॉकटीलच्या पिल्लाचं म्युटेशन, म्हणजे जनुकातल्या बदलाने आलेला रंगप्रकार, नुसत्या नजरेने ओळखता येतं, ही समजूत पक्षीबाजारात इतकी मुरली आहे की तिच्यावर किमती ठरतात. पिसं धड फुटलेली नसतात, तोवर ‘हा अल्बिनो’, ‘ही ओपलाईन’, ‘हा ब्लूला स्प्लिट’ असं छातीठोकपणे सांगितलं जातं आणि घेणारा त्या शब्दाचे जादा पैसे मोजतो. यातलं काही खरं असतं, बरंचसं अंदाजाचं. पिल्लाचा रंग हा पुरावा जरूर आहे, पण तो ठरावीक दिवसांपुरता आणि ठरावीक म्युटेशनांपुरता. आईबाप कोण आणि त्यांच्या आधीच्या विणींत काय निघालं, ही नोंद शेजारी नसेल तर त्या पुराव्याचं मोल फारसं उरत नाही.

निम्मे घोटाळे रंग येतो कुठून हे माहीत नसल्यामुळे होतात. पोपटवर्गातल्या पक्ष्यांच्या पिसांत रंगद्रव्यं दोनच प्रकारची असतात: काळं-तपकिरी मेलॅनिन आणि पिवळ्यापासून लालपर्यंत जाणारं सिटॅकोफल्विन. निळं रंगद्रव्य त्यांच्यात नसतंच. पिसाच्या तंतूत केराटिनचा स्पंजासारखा थर असतो, त्यावर प्रकाश विखुरतो, खालचं मेलॅनिन उरलेला प्रकाश गिळतं आणि आपल्याला निळा दिसतो. त्यावर पिवळा चढला की हिरवा. म्हणजे निळ्या बजरीला निळा रंग मिळालेला नसतो, तिचा पिवळा गेलेला असतो. 2017 साली ‘सेल’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने हे जनुकाच्या पातळीवर दाखवलं: पिवळं द्रव्य तयार करणाऱ्या एका एन्झाइममध्ये एकच अमिनो आम्ल बदललं आणि कारखाना बंद पडला. हे द्रव्य पक्षी स्वतःच्या पिसांच्या मुळाशी बनवतो. कॅनरीला किंवा फ्लेमिंगोला रंग अन्नातून मिळतो, पोपटाचं तसं नाही. त्यामुळे गाजर-बीट चारून बजरीचा रंग ‘उठवण्याचे’ सल्ले निरर्थक आहेत. गाजर खुशाल द्यावं, रंगाची आशा ठेवू नये.

हा हिशेब पक्का झाला की एक नेहमीची फसगत सहज टळते. मेलॅनिन गेलं आणि पिवळं राहिलं तर लुटिनो. दोन्ही गेली तर अल्बिनो. बाजारात ‘अल्बिनो’ म्हणून विकले जाणारे बरेच पांढुरके कॉकटील प्रत्यक्षात फिकट लुटिनो असतात. त्यांचे गाल पाहावेत: तिथे नारिंगी ठिपका असेल, तुऱ्यावर पिवळसर झाक असेल, तर सिटॅकोफल्विन शिल्लक आहे आणि तो पक्षी अल्बिनो नाही, अंग कितीही पांढरं दिसो. खरा अल्बिनो कॉकटील होण्यासाठी लुटिनोबरोबर व्हाइटफेस हे दुसरं म्युटेशन लागतं. इथे पिल्लाकडूनच साक्ष मिळते, कारण व्हाइटफेसच्या पिल्लाची लव अंड्यातून निघतानाच पांढरी असते, इतरांची पिवळी. गुलाबी तोंडाच्या आफ्रिकन लव्हबर्डमध्येही हिरव्या वाणाची लव नारिंगी-लालसर असते, निळ्या वाणाची पांढरी. बजरीची पिल्लं मात्र उघडीच जन्मतात. त्यांना लव येते ती काही दिवसांनी, साधारणपणे करडी, आणि ओपलाईनमध्ये पांढरी. पण इनोची (लुटिनो-अल्बिनोंची) लवही पांढरीच असते, काही पाइडांचीही (ठिगळी रंगाच्या पक्ष्यांचीही). पांढऱ्या लवेमुळे शक्यता कमी होतात, निकाल लागत नाही.

डोळ्यांबद्दलचा गैरसमज याहून चिवट आहे. ‘लाल डोळा म्हणजे लुटिनो किंवा अल्बिनो’ हे अर्धंच खरं. फॅलोचे डोळेही लाल असतात, आणि त्याच्या अंगावर तपकिरी खुणा स्पष्ट असतात. सिनॅमन बजरीच्या पिल्लाचे डोळे तर, उघडण्यापूर्वी, पातळ कातडीआडून जांभळट-तांबूस दिसतात आणि थोड्याच दिवसांत इतरांसारखे गडद होतात. पहिल्या आठवड्यात घरट्याच्या मडक्यात कुणी डोकावलं नाही तर ही खूण कायमची हातची जाते. उलट रिसेसिव्ह पाइडचा डोळा काळाच राहतो आणि वय वाढल्यावर बुबुळाभोवती येणारं पांढरं कडं त्याला येतच नाही. म्हणून ‘कडं नाही, म्हणजे पिल्लूच आहे’ असं सांगून जुना पाइड खपवणं अगदी सोपं असतं. नाकावरच्या फुगवट्याचंही तसंच: निळा तो नर, हा नियम साध्या बजरीत मोठेपणी चालतो, पण लुटिनो, अल्बिनो आणि रिसेसिव्ह पाइड नरांचा फुगवटा जन्मभर गुलाबी-जांभळटच राहतो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की अनेक वर्षं पक्षी पैदा करणारा माणूस हे सगळं बघताक्षणी ओळखतो. ओळखतो खरा, पण जे दिसतं तेच. जे दिसतच नाही तिथे अनुभवी नजर आणि नवखी नजर यांत फरक पडत नाही. ब्लू हे बजरीत सुप्त म्युटेशन आहे, म्हणजे त्याची एकच प्रत असलेला, ‘ब्लूला स्प्लिट’ म्हणवला जाणारा हिरवा पक्षी बाहेरून साध्या हिरव्यासारखाच असतो. पाइडला स्प्लिट असलेल्या काहींच्या डोक्यामागे फिकट ठिपका येतो हे मान्य, पण सगळ्यांना येत नाही, आणि तसा ठिपका दिसला म्हणून पक्षी स्प्लिटच असेल असंही नाही. दोन स्प्लिट पक्ष्यांची जोडी लावली तर प्रत्येक अंड्यामागे ब्लूची शक्यता चारात एक. ही शक्यता दर अंड्याला नव्याने लागू होते, त्यामुळे चार पिल्लांत एकही ब्लू न निघण्याची शक्यता सुमारे 32 टक्के राहते. चारही हिरवी निघाली म्हणून बाप स्प्लिट नव्हता असं म्हणणं जितकं चूक, तितकंच त्या जोडीची सगळी हिरवी पिल्लं स्प्लिट म्हणून विकणं चूक. त्यांतली सरासरी तीनांत दोनच तशी असतात. एक ब्लू पिल्लू मात्र निघालं की आई आणि बाप दोघंही एका फटक्यात स्प्लिट सिद्ध होतात.

लिंगाशी जोडलेल्या म्युटेशनांत नोंद आणखी बोलकी ठरते. पक्ष्यांत नराकडे दोन झेड गुणसूत्रं असतात, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. बजरी आणि कॉकटीलमधलं लुटिनो, तसंच सिनॅमन, हे झेडवर बसतं. मादीकडे झेड एकच, त्यामुळे तिला ते लपवता येत नाही: असेल तर दिसतं. ‘लुटिनोला स्प्लिट मादी’ विकणारा एक तर अज्ञानी असतो किंवा हुशार. साध्या रंगाच्या जोडीला लुटिनो पिल्लू झालं तर ते मादीच, आणि बाप स्प्लिट, हे पिसं येण्याआधी सांगता येतं. पण हाच नियम डोळ्याभोवती पांढरं कडं असणाऱ्या फिशर आणि मास्क्ड लव्हबर्डना लावला की फसतो, कारण त्यांच्यातलं इनो झेडवर नाही.

डीएनए चाचणी हे उत्तर समजणाऱ्यांनी पावती नीट वाचावी. बाजारात सर्रास मिळणारी चाचणी नर-मादी सांगते, म्युटेशन नाही. नोंदीपुढची खरी अडचण वेगळी आहे. आपल्याकडे मोठ्या पिंजऱ्यात अनेक जोड्या एकत्र सोडून मडकी टांगण्याची पद्धत आहे, आणि तिथे नर दुसऱ्याच्या मादीशी जुळतो, मादी दुसऱ्याच्या मडक्यात अंडं घालते. मडक्याबाहेर बसलेली जोडी आईबाप असेलच असं नाही. जोडी वेगळी ठेवणं आणि पहिल्या दहाएक दिवसांत पायात बंद रिंग चढवणं, याला पर्याय नाही.

तीन-चार महिन्यांची पहिली पिसगळ होईपर्यंत गडद छटांबाबत तर मौनच बरं. दोन डार्क फॅक्टरची ऑलिव्ह आणि ग्रे-ग्रीन ही पिल्लं हातात घेतली तरी सारखी वाटतात. पिसगळीनंतर गालाचा डाग जांभळा असेल तर ऑलिव्ह, करडा असेल आणि शेपटीची लांब पिसं काळी असतील तर ग्रे-ग्रीन. हिरव्या पक्ष्यात अवचित उगवलेली पिवळी पिसं हेदेखील बहुधा नवं म्युटेशन नसतं. यकृताचा बिघाड, कुपोषण किंवा चोच-पिसांचा विषाणू हे आधी तपासावं, आणि त्यासाठी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे जावं. म्युटेशन असल्याचा दावा टिकतो तो तोच रंग पुढच्या पिढ्यांत ठरल्या प्रमाणात उतरल्यावर. आणि आपल्या देशी पोपटाच्या निळ्या किंवा पिवळ्या पिल्लाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातून सूट आहे, हे कुणी सांगितलं तर तिथूनच परतावं: म्युटेशनने जात बदलत नाही.