विश्लेषण : झिजलेले सीएनसी मशीन विकायचे की भंगारात घालायचे?

जालन्यात भंगाराला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. येथील औद्योगिक वसाहतीतील भट्ट्यांमध्ये भंगार आणि स्पंज आयर्न वितळवून बिलेट तयार होतात आणि त्यांच्यापासून टीएमटी सळई. त्यामुळे वर्कशॉपच्या कोपऱ्यात थकलेले सीएनसी मिलिंग मशीन उभे दिसले, की वजनावर भाव सांगणारा लगेच भेटतो. मात्र लहान कारखानदारासाठी जुन्या मशीनचे पैसे म्हणजे अनेकदा नव्या मशीनचे डाउन पेमेंट असते. घाईत वजनावर दिलेले मशीन म्हणूनच महागात पडू शकते.

मशीन ‘झिजले’ म्हणजे काय?

सीएनसी मिलिंग मशीनमध्ये, म्हणजे वर्कशॉपच्या भाषेत व्हीएमसीमध्ये, झीज प्रामुख्याने तीन ठिकाणी होते : स्पिंडल, बॉलस्क्रू आणि टेबल ज्यांवर सरकते ते गाइडवे. स्पिंडलचे बेअरिंग गेले की आवाज आणि उष्णता वाढते, फिनिश बिघडते. बॉलस्क्रू झिजला की दिशा बदलताना टेबल किंचित मागे राहते. यालाच बॅकलॅश म्हणतात.

यात एक मेख आहे. बहुतेक जॉब टेबलच्या मध्यभागी बांधले जातात. त्यामुळे स्क्रूची मधली लांबी जास्त झिजते, टोके तुलनेने चांगली राहतात. कंट्रोलरमध्ये बॅकलॅशची भरपाई करणारा आकडा भरता येतो. फॅनुक कंट्रोलरमध्ये त्यासाठी १८५१ क्रमांकाचा पॅरामीटर असतो. पण साधारणपणे तो आकडा प्रत्येक अक्षासाठी एकच असतो. मध्ये वेगळी आणि टोकांना वेगळी झीज तो झाकू शकत नाही. म्हणून डायल लावून तपासणी करायची, तर ती मध्यभागी आणि दोन्ही टोकांना, अशी तीन ठिकाणी करावी लागते.

असे मशीन घेणार कोण?

साचे किंवा वाहनांचे अचूक सुटे भाग बनवणाऱ्यासाठी ५० मायक्रॉनची चूक म्हणजे जॉब रिजेक्ट. पण शेती अवजारांचे भाग, बियाणे प्रक्रिया यंत्रांच्या प्लेट, रोलिंग मिलचे गाइड किंवा नुसते रफिंग करणाऱ्याला एवढी अचूकता प्रत्येक वेळी लागत नाही. त्याला मशीन आहे तसे चालू शकते. दुसरा ग्राहक म्हणजे रिकंडिशनिंग करणारा. त्याला मुख्यतः बिडाचा भक्कम सांगाडा हवा असतो. स्पिंडल, स्क्रू, कंट्रोलर तो बदलणारच असतो. तिसरा ग्राहक प्रशिक्षण संस्था. विद्यार्थ्यांचा हात बसण्यासाठी मायक्रॉनची अचूकता लागत नाही. या तिघांपर्यंत न पोहोचता चौथ्याकडे, म्हणजे वजनकाट्यावर जाणे हा शेवटचा पर्याय.

किंमत कशी ठरते?

किमतीचा तळ वजन ठरवते : बीड, पोलाद आणि तांबे यांचे भंगारमूल्य, वजा तोडणी आणि हमाली. वरची मर्यादा ठरते ती तशाच, पण पूर्ण दुरुस्त केलेल्या मशीनच्या बाजारभावाने. त्यातून दुरुस्तीचा खर्च, वाहतूक, खरेदीदाराचा नफा आणि त्याची जोखीम वजा होते.

समजण्यापुरते आकडे घेऊ. दुरुस्त मशीनचा भाव १० लाख रुपये, दुरुस्ती ४ लाख, वाहतूक व नफा मिळून २ लाख. तर ४ लाखांचा प्रस्ताव येऊ शकतो. पण दोष किती आहेत हेच कळत नसेल, तर खरेदीदार दुरुस्ती ६ लाख धरतो आणि २ लाखच सांगतो. मशीन तेच, मधले २ लाख कमी झाले ते मोजमाप नसल्यामुळे.

आधी दुरुस्त करून विकावे का?

बहुतेक वेळा नाही. मोठी दुरुस्ती ज्याच्याकडे कारागीर आणि सुटे भाग आहेत, त्यालाच परवडते. एलएम गाइड असलेल्या मशीनमध्ये रेल आणि ब्लॉक बदलता येतात. बॉक्स-वे असेल तर ग्राइंडिंग आणि हाताने स्क्रॅपिंग करावे लागते. त्याला कसबी माणूस आणि वेळ लागतो.

मालकाने करायची कामे साधी आहेत : स्वच्छता, फाटलेले वायपर बदलणे, ल्युब्रिकेशन लाइन सुरू आहे का ते पाहणे आणि बॅटरी. अनेक कंट्रोलरमध्ये पॅरामीटर बॅटरीच्या आधाराने टिकतात. मशीन महिनोन्महिने बंद ठेवले आणि बॅटरी संपली, तर पॅरामीटर पुसले जातात आणि चालते मशीन मुके होते. म्हणून आधी बॅकअप घ्यावा आणि मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे, वीज सुरू ठेवून बॅटरी बदलावी. नव्या रंगाचा हात मात्र टाळावा. त्याने जाणकाराचा संशयच वाढतो.

दोष सांगितले तर भाव पडणार नाही?

थोडा पडेल, पण सौदा टिकेल. ‘जसे आहे, जेथे आहे’ असे लिहिले म्हणजे सर्व जबाबदारी संपली, हा गैरसमज आहे. माहीत असलेली गोष्ट मुद्दाम लपवणे ही भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ नुसार फसवणूक ठरू शकते आणि खरेदीदाराला करार रद्द करण्याचा हक्क मिळू शकतो. त्यापेक्षा मशीन वीज लावून चालताना दाखवावे, बॅकलॅश आणि स्पिंडल रनआउटचे आकडे लिहून द्यावेत. शक्य असल्यास आयएसओ १०७९१-७ मधील नमुन्यासारखा चाचणी जॉब कापून, मोजून सोबत ठेवावा. ज्ञात दोषांची यादी करारातच जोडावी.

कर आणि कागदपत्रे कोणती?

खरेदीवेळी जीएसटीचे क्रेडिट घेतले असेल, तर विक्रीवेळी दोन रकमांची तुलना होते. पहिली, घेतलेल्या क्रेडिटमधून दर तिमाहीला ५ टक्के गुण वजा करून उरलेली रक्कम. दुसरी, विक्री किमतीवरील कर. यातील मोठी रक्कम भरावी लागते. उदाहरणार्थ, ३ लाख ६० हजारांचे क्रेडिट घेतलेले मशीन १२ तिमाहींनंतर ६ लाखांना विकले, तर उरलेले क्रेडिट १ लाख ४४ हजार आणि १८ टक्के दराने कर १ लाख ८ हजार. भरायचे १ लाख ४४ हजार. २० तिमाहींनंतर क्रेडिटचा हिशेब शून्य होतो आणि विक्री किमतीवरील करच उरतो. सौद्याआधी सीएकडून हा हिशेब करून घेणे चांगले.

मशीन बँकेकडे तारण असेल, तर ना-हरकत प्रमाणपत्राशिवाय ते हलवू नये. राज्यांतर्गत १ लाख आणि राज्याबाहेर ५० हजार रुपयांवरील मालाला ई-वे बिल लागते. हायड्रा बोलावण्याआधी कूलंट काढून टाकणे आणि हेड व टेबल लॉक करणे विसरू नये. उचलताना बसलेला एक धक्का कागदावरचे सारे आकडे खोटे ठरवू शकतो. त्यामुळे लोडिंगची जबाबदारी कोणाची, हेही करारात आधीच लिहिलेले असावे.