शृंगकांमधील बीजाणुभित्तीचा विकास

शृंगकांमधील बीजाणुभित्तीचा विकास म्हणजे शृंगका अथवा ॲन्थोसेरोटोफायटा या गटातील वनस्पतींच्या बीजाणूंभोवती संरक्षक आवरण तयार होण्याची प्रक्रिया होय. मॉस व यकृतका यांच्याबरोबर शृंगकांचा समावेश ब्रायोफायटांमध्ये होतो. जगात त्यांच्या सुमारे २०० जाती आहेत. मातृवनस्पतीपासून सुटलेला बीजाणू कोरड्या हवेत तग धरतो, तो प्रामुख्याने या भित्तीमुळे.

पार्श्वभूमी

शृंगकांचा बीजाणुधारी शिंगासारखा लांबट असतो. त्यावरूनच गटाला हे नाव मिळाले. त्याच्या तळाशी विभाजी ऊती असल्याने वाढ दीर्घकाळ चालू राहते. परिणामी एकाच शिंगात तळाकडे कोवळ्या मातृपेशी, त्यांच्या वर चतुष्के आणि टोकाकडे पक्व बीजाणू आढळतात. विकासाचे सर्व टप्पे अशा रीतीने एकाच उभ्या छेदात क्रमाने पाहता येतात.

विकासाचे टप्पे

बीजाणुमातृपेशीत प्रारंभी एकच हरितलवक असते. अर्धगुणसूत्री विभाजनापूर्वी ते दोनदा विभागून चार हरितलवके होतात व पेशीच्या चार भागांत स्थिरावतात. भावी बीजाणूंच्या जागा यावरून निश्चित होतात. त्यानंतर केंद्रकाचे विभाजन होऊन प्रत्येक भागास एक केंद्रक मिळते आणि चार बीजाणूंचे चतुष्क तयार होते.

चतुष्क मातृपेशीच्या भित्तीत बंदिस्त असतानाच प्रत्येक बीजाणूभोवती बाह्यकवच साचू लागते. त्यातील मुख्य द्रव्य स्पोरोपोलेनिन हे होय. बाह्यकवचानंतर त्याच्या आतील बाजूस बहुशर्करांचे अंतःकवच तयार होते. तीन शेजारी बीजाणू जेथे टेकलेले असतात, तेथे तीन किरणांची खूण उमटते. ती बीजाणू सुटे झाल्यावरही दिसते.

विविधता

ॲन्थोसेरॉसचे बीजाणू गडद तपकिरी ते काळे, तर फीओसेरॉसचे पिवळसर असतात. प्रजाती ओळखण्यास हा रंग आणि भित्तीवरील काटे वा उंचवटे उपयोगी पडतात. डेंड्रोसेरॉसमध्ये बीजाणू बाहेर पडण्यापूर्वीच भित्तीच्या आत विभागून बहुपेशीय होतो. त्यामुळे त्याची भित्ती पातळ व ताणली जाणारी असते. काही यकृतकांत बीजाणूवरील नक्षीचा आराखडा विभाजनापूर्वी मातृपेशीच्या भित्तीतच आखला जातो. मॉसमध्ये बाह्यकवचावर परिकवच नावाचा आणखी एक थर चढतो.

महत्त्व

सह्याद्रीत ॲन्थोसेरॉस व नोटोथायलस या शृंगका पावसाळ्यात ओलसर मातीवर वाढतात. पाऊस सरल्यावर त्यांचा नाजूक हिरवा देह सुकून जातो. पुढील पावसापर्यंत वंश टिकवण्याचे काम बीजाणू करतात.

फुलझाडांच्या परागकणांचे बाह्यकवचही स्पोरोपोलेनिनचेच असते. हे द्रव्य कुजत नाही आणि तीव्र आम्लांनाही दाद देत नाही. म्हणूनच सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या ऑर्डोव्हिशियन खडकांत बीजाणूंची चतुष्के टिकून राहिली आहेत. जमिनीवरील वनस्पतींच्या अस्तित्वाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत त्यांची गणना होते.