गोड चालत नाही, त्याचा इफ्तार

मगरिबची अजान झाली की रोजेदाराचा हात आधी खजुराकडे जातो. मग सरबत, कलिंगड, फळांची चाट. काही घरांत मात्र तासाभराने एखाद्याचे पोट फुगते, कळा येतात, जुलाब होतात आणि तरावीहची नमाज राहून जाते. दोष भज्यांवर ढकलला जातो. अनेकदा तो त्यांचा असतोही. पण कधी खरे कारण फळांतल्या साखरेत, म्हणजे फ्रुक्टोजमध्ये असते.

काहींच्या लहान आतड्याला फ्रुक्टोज पुरते शोषता येत नाही. ते मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि गॅस धरतो. ‘साखर सोडा, मध घ्या’ हा घरोघरचा सल्ला अशा माणसाला उलटा पडतो. मधात ग्लुकोजपेक्षा फ्रुक्टोज जास्त. साध्या साखरेत दोन्ही निम्मे-निम्मे, आणि सोबत ग्लुकोज असले की फ्रुक्टोज शोषायला मदत होते. म्हणून चहातली चमचाभर साखर पुष्कळांना सोसते, मध सोसत नाही. गूळ म्हणजेही मुख्यतः उसाची साखरच. ‘शुगर-फ्री’ मिठाईतले सॉर्बिटॉल तर त्रास वाढवते. स्टीव्हियात फ्रुक्टोज नाही, पण पुडीत आणखी काय मिसळले आहे ते वाचावे.

सरबतासाठी सोयीचे म्हणजे औषधाच्या दुकानातले साधे ग्लुकोज. स्वादाचे नको, त्यात साखर असू शकते. गोडी साखरेहून कमी, पण लिंबू, सब्जा आणि चिमूटभर मीठ घातले की काम भागते. मधुमेह असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

दुसरा प्रकार दुर्मीळ आणि गंभीर. तो जन्मजात असतो. यकृतात फ्रुक्टोज पचवणारे अल्डोलेज-बी हे विकर नसते. या रुग्णांचे वर्णन ‘लॅन्सेट’मध्ये 1956 साली आले. इथे चमचाभराचीही सवलत नाही: फळे, साखर, मध, गूळ, सॉर्बिटॉल सारे बंद. नाहीतर उलट्या होतात, रक्तातली साखर एकदम उतरते, यकृत-मूत्रपिंडाला इजा होते. खोकल्याच्या गोड औषधातही धोका असतो. नवजात बाळाला मुस्लिम घरांत खजूर चघळून चाटवतात, हिंदू घरांत मध. या आजाराच्या बाळाला दोन्ही बाधतात. (मध तर एक वर्षापर्यंत कोणत्याच बाळाला देऊ नये.) पुढे अशी मुले गोडापासून आपणहून लांब राहतात आणि त्यांचे दात बहुधा किडत नाहीत. घरचे त्यांना हट्टी म्हणतात. मूल गोड खाल्ले की दर वेळी ओकत असेल, तर हट्ट समजण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. अशा रुग्णाने रोजा धरावा की नाही, हेही डॉक्टरांनाच विचारावे. आजाऱ्याला रोज्यातून सूट आहेच.

खजुराचे काय? हदीसमध्ये क्रम दिला आहे: ताजा खजूर, तो नसेल तर सुका, तोही नसेल तर पाण्याचे घोट. म्हणजे पाण्याने रोजा सोडणारा काही कमी करत नाही.

ईदच्या शीरखुर्म्यातला ‘खुर्मा’ म्हणजे खजूरच. तो वगळला की उरते ‘शीर’, दूध. आटवलेल्या दुधाला स्वतःची गोडी असते आणि ती फ्रुक्टोजची नसते. थोडे ग्लुकोज, वेलची, बदाम घालून एक वाटी वेगळी काढता येते. जन्मजात आजार असेल तर शेवया-बदामही आहारतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच. ईदला घरी आलेल्या पाहुण्याने ‘नको’ म्हटले, तर दुसरी वाटी पुढे करण्याआधी कारण तेवढे विचारावे.