मूत्रपिंडाचा जुना विकार व मधल्या वेळचें खाणें

गेल्या दिवाळींत आमच्या ओसरीवर आलेल्या एका जुन्या स्नेह्यांस आम्हीं आग्रहानें चिवडा वाढला. त्यांस मूत्रपिंडाचा जुना विकार आहे, हें आम्हांस ठाऊक होतें. त्यांनीं भिडेखातर बशी संपविली आणि रात्रभर ते तहानेनें तळमळले; कारण डॉक्टरांनीं त्यांस पाण्याचेंही माप लावून दिलें होतें. चूक सर्वस्वीं आमची होती, म्हणून हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

जेवणाचें पथ्य घरांतील मंडळी संभाळतात. बांधावर बसून तोंडांत टाकलेली दाण्यांची मूठ व गुळाचा खडा कोणी मोजीत नाहीं. निरोगी मूत्रपिंड रक्तांतील जादा सोडियम, पोटॅशियम व फॉस्फरस लघवीवाटे बाहेर टाकतें. तें थकलें कीं हीं द्रव्यें सांचतात. पोटॅशियम फार वाढल्यास हृदयाचे ठोके बिघडून प्राणावर बेततें, आणि तत्पूर्वीं रोग्यास कांहीं जाणवेलच असें नाहीं. शंभर ग्रॅम भुईमुगाच्या दाण्यांत तें सुमारें ७०० मिलिग्रॅम असतें, तितक्याच केळ्यांत ३५०, तर सफरचंदांत अवघें १०० च्या आसपास. शहाळ्याचें पाणी व गूळ हींही या बाबतींत जडच. तथापि सर्वांनींच केळें सोडावें असें नव्हे. रक्ततपासणींत पोटॅशियम वाढलेलें दिसल्यास डॉक्टर सांगतील तितकेंच आवरावें.

मिठाचें बंधन मात्र बहुतेकांस आहे: दिवसभरांत ५ ग्रॅमांहून कमी. यांत शेव, फरसाण, लोणचें व पापड यांस जागा उरत नाहीं. पापडांत मिठाखेरीज पापडखार असतो, तोही सोडियमचाच. सैंधव वापरून कांहीं साधत नाहीं. बाजारांत कमी सोडियमचें म्हणून मिळणारें मीठ तर अधिक धोक्याचें, कारण त्यांत बहुधा पोटॅशियमचाच क्षार मिसळलेला असतो.

मग खावें काय? बिनमिठाचे चुरमुरे किंवा पातळ पोहे, मोहरी-कढीलिंबाची फोडणी, वरून थोडें लिंबू. दाणे व खोबरें नको. साबुदाण्यांत हीं द्रव्यें थोडीं. खिचडी बिघडते ती दाण्यांच्या कुटानें व बटाट्यानें. बटाटा घालणेंच झालें, तर बारीक चिरून भरपूर पाण्यांत उकडावा व तें पाणी फेकून द्यावें. मधुमेही रोग्यानें चुरमुरेही मोजूनच खावे. इन्सुलिननें साखर एकदम उतरल्यास केळें वा फळांचा रस न घेतां साधी साखर घ्यावी.

एका फळाविषयीं मात्र तडजोड नाहीं. परसांत होणारें पांच धारांचें कमरख, ज्याची चकती चांदणीसारखी दिसते, त्यांत मेंदूस बाधणारें विष असतें. ब्राझीलमधील संशोधकांनीं २०१३ सालीं तें वेगळें काढून दाखविलें. निरोगी मूत्रपिंड तें बाहेर टाकतें, दुबळ्यास तें जमत नाहीं. या रोग्यास त्याची एक फोडही देऊं नये. चुकून खाल्लें गेलें व उचकी थांबेनाशी झाली, किंवा रोगी भ्रमिष्टासारखें बोलूं लागला, तर काय खाल्लें तें सांगून तत्काळ रुग्णालय गांठावें. त्यावर डायालिसिसचा उपाय आहे, पण तो वेळेवर व्हावा लागतो.