काटा खाली आला, पण घटलं काय?

आमचा मोहाडी तालुका धानाचा आणि पाण्याचा. जवळून वैनगंगा वाहते, गावोगावी तलाव आणि बोड्या आहेत. डोंगा वल्हवणारे ढिवर बांधव आम्ही लहानपणापासून पाहत आलो. डोंग्यात बसण्यापूर्वी त्यांचं वजन कुणी करत नाही. पण वल्हवण्याच्या खेळात, म्हणजे नौकानयनात, काही खेळाडूंना नावेआधी काट्यावर उभं राहावं लागतं. आज त्या काट्याविषयी बोलायचं आहे. कारण धानकापणी आटोपली की आमच्याकडे वजनगटाच्या कबड्डीचे सामने रंगतात, आणि गटात बसण्यासाठी पोरं जेवण सोडतात, पाणीसुद्धा सोडतात.

नौकानयन म्हटलं की महाराष्ट्राला दत्तू भोकनळ आठवतो. नाशिक जिल्ह्यातल्या दुष्काळी चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे त्याचं गाव. वडिलांबरोबर विहिरी खोदणारा हा मुलगा २०१२मध्ये सैन्यात गेला आणि पुण्यात वल्हं मारायला शिकला. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो एकेरीत तेरावा आला. २०१८च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेत त्याने सुवर्णपदक जिंकलं.

वल्हवणं हे हातांचं काम, असं आपल्याला वाटतं. शर्यतीच्या नावेत बैठक सरकती असते. आधी पायांचा रेटा, मग पाठ, शेवटी हात. असे दोन हजार मीटर सहा-सात मिनिटांत कापायचे. इथे उंच, दणकट माणसाचं फावतं. म्हणून लहान चणीच्या खेळाडूंसाठी हलका वजनगट निघाला. पुरुषांच्या एकेरीला मर्यादा साडेबहात्तर किलोची. जोडीत सरासरी सत्तर, आणि एकट्याचं साडेबहात्तरच्या वर नको. महिलांसाठी एकोणसाठ किलो, सरासरी सत्तावन्न. वजन शर्यतीच्या एक ते दोन तास आधी करायचं. दत्तू खुल्या गटातला, त्याला हा काटा नव्हता. २०१८च्याच स्पर्धेत हलक्या गटात दुष्यंत चौहानने कांस्यपदक मिळवलं. शर्यत संपल्यावर त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. सर्दीने तो बेजार होता, आणि पोटात ब्रेडचे दोन तुकडे नि एक सफरचंद, एवढंच होतं.

आता मुद्द्याचं. काटा किलो दाखवतो, पण ते किलो कशाचे, हे सांगत नाही. वजन तीन प्रकारे उतरतं.

पहिलं पाण्याचं. आम्ही रोजे ठेवतो. उन्हाळ्यातल्या रोज्यात इफ्तारच्या वेळी काट्यावर उभं राहिलं, तर वजन किलोभर कमी भरू शकतं. रात्री पाणी प्यालो, जेवलो, की ते परत येतं. ते शरीर घटलेलं नसतं, फक्त तहानलेलं असतं.

दुसरं साठ्याचं. भात, पोळी, पोहे यांतली साखर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजनच्या रूपाने साठते. हा साठा अर्धा किलोच्या आसपास असतो, पण प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. आमच्याकडे कुणी भात सोडला की आठवड्यात दीड-दोन किलो उतरतात आणि तो गावभर सांगत फिरतो. गेलं ते बहुतेक पाणीच. शिवाय वल्हवणाऱ्याचं किंवा चढाई करणाऱ्याचं इंधन तोच साठा. तो रिकामा करून मैदानात उतरणं म्हणजे डिझेल काढून ट्रॅक्टर हलका करणं.

तिसरं वजन चरबीचं, आणि घटवायचं ते हेच. पण ते सावकाश जातं. एक किलो चरबीत साधारण सात हजार सातशे उष्मांक असतात. आठवड्याला अर्धा किलो घटवायचं तर रोज साडेपाचशे उष्मांकांची तूट हवी. म्हणून नौकानयनपटू वजनाची तयारी महिनोन्‌महिने आधी सुरू करतात. दम न लागता बोलता येईल अशा बेताने लांबलांब अंतर वल्हवायचं. भात बंद न करता मोजका घ्यायचा. डाळ, अंडी, मासे, दूध वाढवायचं, म्हणजे स्नायू झिजत नाहीत. तेलकट आणि गोड कमी करायचं. पाणी मात्र तोडायचं नाही. घरच्या माणसालाही वजन घटवायचं असेल तर हाच मार्ग. नाव नसली तर तलावाच्या पाळीवर चालावं.

घाईची किंमत मोठी असते. अमेरिकेत १९९७च्या अखेरीस महिनाभरात तीन कॉलेजवयीन कुस्तीगीर वजन उतरवताना दगावले. रबरी कपडे घालून, पाणी तोडून ते घाम गाळत होते. घामाबरोबर पाणी आणि क्षार जातात, रक्त दाटतं, अंग तापतं, शेवटी मूत्रपिंड आणि हृदय हार मानतात. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट अंतिम लढतीच्या सकाळी शंभर ग्रॅमने जास्त भरली. रात्रभर व्यायाम, अन्नपाणी बंद, केसही कापले, तरी ते शंभर ग्रॅम हटले नाहीत. नंतर तिला सलाइन लावावं लागलं. त्याच पॅरिसमध्ये नौकानयनाचा हलका गट शेवटचा खेळला गेला. १९९६पासून ऑलिंपिकमध्ये असलेला हा गट २०२८साठी वगळण्यात आला आहे.

ऑलिंपिकच्या खेळाडूंपाशी डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ असतात. आमच्या कबड्डीच्या पोरापाशी कोण असतं? सोळा-सतरा वर्षांचं वय म्हणजे हाडापेरानं वाढण्याचं वय. सामन्याच्या दोन दिवस आधी तो जेवण टाळत असेल, वारंवार थुंकून वजन उतरवत असेल, भर दुपारी स्वेटर घालून धावत असेल, तर आईवडिलांनी आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनी त्याला थांबवावं आणि वरच्या गटात खेळवावं. तिथे तो एखादा सामना हरेल. पण पोटभर जेवून हरलेला पोरगा पुढच्या वर्षी पुन्हा मैदानात उतरतो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)