पहिले घर घेताना : इसारापासून ताब्यापर्यंत

सोलापूर हे कष्टकऱ्यांचे शहर आहे. मागावर, शिलाईवर, विडीवर किंवा छोट्या दुकानात वीस-पंचवीस वर्षे घाम गाळल्यावर चार पैसे गाठीला लागतात आणि भाड्याची खोली सोडून स्वतःच्या घरात जाण्याची इच्छा होते. आपण व्यापारी माणसे सुताचा काउंट पाहिल्याशिवाय पेटी उचलत नाही, टॉवेल वजन करूनच घेतो. मात्र आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी ओळखीच्या माणसाच्या तोंडी शब्दावर करून बसतो. म्हणून पहिल्यांदा घर घेणाऱ्या बांधवांसाठी काही मुद्दे येथे मांडत आहोत.

व्याज टाळण्यासाठी आपल्यातील अनेकजण बँकेचे कर्ज न काढता साठवलेल्या पैशातून किंवा हप्त्याने घर घेतात. हा ज्याच्या त्याच्या विश्वासाचा प्रश्न आहे. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बँक कर्ज देण्यापूर्वी आपल्या वकिलाकडून कागदपत्रे तपासून घेते आणि कागद कच्चा असेल तर कर्ज नाकारते. रोखीने घेणाऱ्याच्या बाजूने हे काम कोणीच करीत नाही. ते त्याला स्वतः खर्च करून करून घ्यावे लागते. लाखो रुपयांच्या व्यवहारात वकिलाची फी वाचविणे ही काटकसर नव्हे.

विकणारा खरोखर मालक आहे काय?

महापालिकेच्या कराची पावती किंवा वीजबिल हा मालकीचा पुरावा नाही. जुन्या पेठांतील घरासाठी सिटी सर्व्हेचा उतारा म्हणजे मालमत्ता पत्रक पाहावे, बाहेरच्या जमिनीसाठी सातबारा आणि फेरफार पाहावेत. वकिलाकडून दुय्यम निबंधक कार्यालयातील मागील तीस वर्षांच्या नोंदींचा शोध घ्यावा. कोठे गहाण, कोर्टाचा दावा किंवा आधीचे साठेखत असेल तर बहुधा तेथे कळते. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिलेले असेल, तर सरकारी परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही. दर्गा, मशीद किंवा कबरस्तानलगतची जागा असेल तर वक्फ मंडळाकडेही चौकशी करावी. वक्फची मालमत्ता विकण्यास कायद्याने बंदी आहे. विकणारा कितीही इज्जतदार असला तरी घेणाऱ्याचे पैसे अडकतात.

सर्व वारसांच्या सह्या

आपल्या समाजात सर्वाधिक तंटे येथे होतात. वडील वारले की मुस्लिम कायद्याप्रमाणे त्याच क्षणी प्रत्येक वारसाचा हिस्सा ठरतो, मग उताऱ्यावर नाव कोणाचेही असो. उदाहरणार्थ, मृताच्या मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी असेल, तर घराचे ४० भाग धरल्यास पत्नीला ५, प्रत्येक मुलाला १४ आणि मुलीला ७ भाग मिळतात. फक्त दोन भावांच्या सह्या घेऊन घर घेतले, तर घेणाऱ्याला २८ भागच मिळाले. बाकी १२ भाग आईचे व बहिणीचे राहिले. उद्या बहिणीने दावा केला तर ती आपला हक्कच मागते, तिला दोष देता येत नाही. म्हणून बहिणींसह सर्वांच्या सह्या खरेदीखतावर घ्याव्यात, किंवा त्यांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहावे. वारसांत कोणी अठरा वर्षांखालील असेल, तर आई किंवा थोरला भाऊ परस्पर त्याचा हिस्सा विकू शकत नाही. त्यासाठी कोर्टाची परवानगी लागते.

नोटरीचा कागद आणि गुंठेवारी

१९९२ च्या हद्दवाढीनंतर शहरात आलेल्या भागात गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून जागा विकल्या गेल्या. यातील कित्येक व्यवहार स्टॅम्प पेपरवर नोटरी करून झाले. असा कागद म्हणजे खरेदी नव्हे. घराची खरेदी दुय्यम निबंधकाकडे नोंदविलेल्या खरेदीखतानेच होते. साठेखत हा पुढे विकण्याचा करार आहे, त्याने मालकी येत नाही. मुखत्यारपत्रावर झालेल्या विक्रीने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ चा असून, २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना त्यात वाव मिळाला. प्लॉटचा दर स्वस्त सांगितला तर तो नियमित झाला आहे काय, हे आधी विचारावे. ‘पुढे होईल’ या शब्दाची किंमत शून्य धरावी.

नव्या इमारतीतील फ्लॅट

महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेरा प्राधिकरण काम करीत आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरील आणि आठपेक्षा जास्त घरांच्या प्रकल्पाची तेथे नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक मागून संकेतस्थळावर प्रकल्प स्वतः पाहावा. करार नोंदविल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. भाव कार्पेट क्षेत्रावर, म्हणजे भिंतींच्या आतील वापराच्या जागेवर विचारावा. ‘सुपर बिल्ट-अप’चा आकडा म्हणजे ओला टॉवेल वजनावर घेणे होय. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो विनामूल्य दुरुस्त करून देण्याची जबाबदारी बिल्डरची आहे.

पैशाचा हिशेब

सांगितलेली किंमत हा पूर्ण खर्च नसतो. समजा शहरात २५ लाखांचा फ्लॅट घेतला. मुद्रांक शुल्क स्थानिक अधिभारासह साधारण ६ टक्के, म्हणजे दीड लाख. नोंदणी फी १ टक्का, म्हणजे २५ हजार. इमारत अपुरी असेल तर जीएसटी वेगळा. स्वस्त घरांच्या व्याख्येत बसणाऱ्या फ्लॅटवर तो १ टक्का, इतरांवर ५ टक्के. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर जीएसटी नाही. शिवाय वकील, वीजमीटर आणि सोसायटीचा खर्च. म्हणजे दोन-सव्वादोन लाख बाजूला हवेतच. हे दर बदलतात, म्हणून व्यवहाराच्या वेळी विचारून घ्यावे. शुल्क सरकारी मूल्यांकन किंवा करारातील किंमत यांपैकी जास्त रकमेवर लागते. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे, म्हणजे वरील उदाहरणात २५ हजार वाचतात.

इसार देताना रक्कम चेकने किंवा बँकेतूनच द्यावी. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास कायद्याने मनाई आहे. कागदावर कमी किंमत लिहून बाकी रोख दिली, आणि व्यवहार मोडला, तर कागदाबाहेरचे पैसे सिद्ध करणे फार कठीण जाते. इसार पावतीवर एकूण किंमत, मुदत आणि कागदपत्रे सदोष निघाल्यास पैसे परत करण्याची अट लिहून घ्यावी.

आणखी एक सल्ला धंद्याचा. घरासाठी दुकानाचे किंवा मागाचे खेळते भांडवल काढू नये. सुताचे पैसे भिंतीत गेले की माग थांबतो, आणि मग घरही विकावे लागते.

ताबा घेण्यापूर्वी

भोगवटा प्रमाणपत्र आहे काय, नळाला किती दिवसांआड पाणी येते, टाकी किती मोठी, बोअरला उन्हाळ्यात पाणी राहते काय, ड्रेनेज जोडले आहे काय, हे शेजाऱ्यांना विचारावे. वरच्या मजल्यावरचे घर एप्रिल-मेच्या दुपारी एकदा पाहावे. घरात माग किंवा शिलाईयंत्रे चालवायची असतील, तर सोसायटीची व महापालिकेची परवानगी मिळेल काय, वीजजोडणी कोणत्या दराची लागेल, हे खरेदीपूर्वी ठरवावे. खरेदीनंतर मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, महापालिकेचा कर आणि वीजमीटर या तिन्ही ठिकाणी नाव लावून घ्यावे. हे राहून गेले तर त्रास पुढच्या पिढीला होतो.

घाई करणारा विक्रेता ‘दुसरे गिऱ्हाईक उभे आहे’ असे सांगतोच. बाजारात आपणही हेच वाक्य रोज ऐकतो आणि त्याला भुलत नाही. घराच्या बाबतीतही भुलू नये. कागद पक्का असलेले घर महिनाभर उशिरा मिळाले तरी चालेल.