मताधिकार आणि मालकी : मॅकफर्सन यांचा प्रश्न

‘उदारमतवादी लोकशाही’ हा जोडशब्द आज इतका रूढ झाला आहे की, त्यातील दोन्ही पदे एकाच वेळी जन्मली असावीत, असा समज होतो. कॅनडातील राज्यशास्त्रज्ञ सी. बी. मॅकफर्सन (१९११-१९८७) यांनी या समजालाच आव्हान दिले. इंग्लंडमध्ये बाजारपेठ व मालमत्तेचे रक्षण करणारे उदारमतवादी राज्य आधी स्थिरावले. सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांना समान मताधिकार मात्र १९२८ साली मिळाला. लोकशाही ही अशी मागाहून आलेली पाहुणी होय, आणि घराची रचना तिच्या आगमनापूर्वीच ठरून गेली होती.

लंडनमध्ये हॅरल्ड लास्की यांच्या हाताखाली शिकलेल्या मॅकफर्सन यांनी १९३५ पासून टोरांटो विद्यापीठात अध्यापन केले. १९६२ च्या त्यांच्या गाजलेल्या ग्रंथात हॉब्जपासून लॉकपर्यंतच्या विचारांची चिकित्सा आहे. आपले श्रम ज्या वस्तूत मिसळले ती वस्तू आपली, हा लॉकचा सिद्धांत. परंतु नोकराने कापलेली गवताळ ढेकळेही लॉक धन्याचीच मानतो. मॅकफर्सन यांनी नेमके येथेच बोट ठेवले. श्रम माणसाच्या मालकीचे, म्हणूनच ते विकता येतात. आणि एकदा विकले की त्यांच्या फळावरचा हक्कही संपतो. स्वातंत्र्याच्या या कल्पनेत विषमतेची सोय आरंभापासूनच होती, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हा निष्कर्ष सर्वमान्य झाला नाही. सतराव्या शतकातील इंग्लंडवर पुढील काळातील बाजारव्यवस्था लादली जात आहे, असा आक्षेप पीटर लॅस्लेट यांच्यासारख्या इतिहासकारांनी घेतला. तो वजनदार आहे. मात्र इतिहासाच्या तपशिलाबाबत मतभेद राहिले, तरी मॅकफर्सन यांचा मूळ प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही.

त्यांनी उदारमतवाद टाकून दिला नाही, हे विशेष. प्रत्येकाला आपल्या शक्तींचा विकास करता यावा, हा जॉन स्टुअर्ट मिलचा वारसा त्यांना जपायचा होता. त्यासाठी मालमत्तेचा अर्थच व्यापक करावा, असे त्यांनी सुचविले. इतरांना दूर ठेवण्याचा हक्क म्हणजे मालमत्ता, ही व्याख्या अपुरी आहे. समाजाच्या उत्पादनसाधनांपासून आपल्याला दूर ठेवले जाऊ नये, हाही मालमत्तेचाच हक्क होय. मतपेटीपाशी समान ठरलेला नागरिक उपजीविकेसाठी दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असेल, तर त्याच्या मताला कितीसे बळ राहते? लोकशाहीची प्रगती मोजताना मतदानाच्या टक्केवारीबरोबर या प्रश्नाचे उत्तरही तपासावे लागेल.